मंजूर, भरलेली, रिक्त

सरकारी दवाखान्यातल्या मनुष्यबळाचा विषय निघाला की एक कागद पुढे येतो. त्यावर तीन रकाने असतात: मंजूर, भरलेली, रिक्त. तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून उपसंचालकांकडे आणि तिथून मुंबईला हा कागद नेमाने जातो. विधानसभेत प्रश्न आला की उत्तर याच्यावरून तयार होते. पेपरात बातमी येते ती याच आकड्यांची, आणि आम्ही संघटनावाले मोर्चात गळा सुकवतो तोही तिसऱ्या रकान्यासाठी. मी एकतीस वर्षे सरकारी नोकरी केली. शेवटची नऊ वर्षे परिसेविका होते, तेव्हा हा तक्ता स्वतःच्या हाताने शंभरेक वेळा भरून दिला असेल. सही करताना दर वेळी वाटायचे, की यात काहीतरी राहिले आहे. काय राहिले ते कळायला निवृत्ती यावी लागली. यात चौथा रकाना नाही. त्याचे नाव 'हजर'.

आमच्या संघटनेच्या या पुस्तकाचा खटाटोप त्या चौथ्या रकान्यासाठी आहे.

एक उदाहरण देते. जिल्ह्याच्या ठिकाणचे एक रुग्णालय, त्यातला स्त्री शस्त्रक्रिया कक्ष. मंजूर ११, भरलेली ८, रिक्त ३. कागदावर चित्र फार वाईट नाही. पण त्या आठांतली एक प्रसूतिरजेवर. एकीला संगणक येतो, म्हणून ती दीड वर्षापासून कार्यालयात बसवलेली. पगार मात्र आमच्या कक्षाच्या पदावर. एक प्रशिक्षणाला, एक शिबिराला. उरल्या चौघी. खाटा तीस, पेशंट एकेचाळीस, म्हणजे अकरा जणी जमिनीवर गादी टाकून. रात्री आठला ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, घेतली की सकाळी आठपर्यंत सिस्टर एकटी. एका टोकाला रक्त लावलेली बाई, तिचा बीपी पंधरा-पंधरा मिनिटांनी बघायचा. दुसऱ्या टोकाला नुकतीच ऑपरेशनहून आलेली. मधल्या रांगेत कुणाची सलाइन संपत आलेली. अशा वेळी मी नातेवाइकांना सलाइनची चकती कशी फिरवायची ते शिकवत असे. "मावशी, बाटली तळाला आली की ही अशी खाली ओढा आणि मला हाक मारा." हे कोणत्याही नियमात बसत नाही. माझ्या परिचर्या महाविद्यालयातल्या ट्यूटरनी ऐकले असते तर वर्गाबाहेर उभे केले असते. पण महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी कक्षात रात्री बारानंतर जाऊन बघा, कोणीतरी मावशी खाटेच्या उशाशी बसून बाटलीकडे डोळे लावून असते. सरकारच्या मनुष्यबळात ती बिनपगारी सामील आहे.

आता जरा हिशेब करू, चौथीतल्या मुलाला जमेल असा. एका जागी चोवीस तास एक सिस्टर उभी ठेवायची तर आठवड्याच्या २१ पाळ्या होतात. एक सिस्टर आठवड्याला सहा पाळ्या करते. म्हणजे साडेतीन जणी लागल्या. त्यावर ३० टक्के रजा राखीव धरा (भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत तेवढी धरलेली आहे), की आकडा साडेचारच्या पुढे सरकतो. म्हणजे एका जागेला पाच पदे. ११ मंजूर पदांत एका वेळी दोघी मिळतात. त्याही अकराच्या अकरा भरल्या तर. चौघींत भागते ते एका वेळी एकीचे. याच परिषदेचा निकष वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या कक्षाला तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि अतिदक्षता विभागाला एकास एक असा आहे. मंत्रालयात बसलेल्या माणसाला 'आठ भरलेली' या शब्दांतून आठ सिस्टर दिसतात. कक्षात त्या आठ कधीच एकत्र दिसत नाहीत. साधीच गोष्ट आहे, पण पदांचा आकृतिबंध ठरवणाऱ्यांच्या बैठकीत मी ती तीनदा फळ्यावर लिहून दाखवली आणि तिन्ही वेळा चहा आला.

हा हिशेब चुकला की काय होते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. सतरा बाळे होती; दहा गेली, सात वाचवता आली. पुढच्या महिन्यात दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागात आग लागली, ११ रुग्ण दगावले, आणि अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी बाईंना आणि तीन परिचारिकांना. कोणाचा दोष किती हे ठरवायला न्यायालय आहे, त्यात मी पडत नाही. मात्र दोन्ही वेळा चौकशीच्या बातम्यांत 'ड्युटीवर कोण होते' एवढाच प्रश्न आला. 'ड्युटीवर किती जणी असायला हव्या होत्या' हा प्रश्न आला नाही. मग नांदेड. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके. दोन दिवसांनी एक खासदार तिथे पोचले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हातून स्वच्छतागृह धुऊन घेतले. कॅमेरे होतेच. सफाई कामगारांची पदे किती मंजूर, किती भरलेली, हे त्या कॅमेऱ्यांसमोर कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या अहवालात परिचारिकांची सुमारे ३५ टक्के पदे रिकामी असल्याचे छापून आले. तोही तिसरा रकानाच. चौथा कॅगलाही सापडत नाही, कारण तो कोणी लिहूनच ठेवत नाही.

पदे कशी जन्माला येतात आणि कशी मरतात, याचा इतिहास या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात आहे. थोडक्यात सांगते. १९४६ च्या भोर समितीने ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवले, आणि ती तात्पुरती सोय म्हणून. लांबच्या पल्ल्याचे तिचे स्वप्न १० ते २० हजार लोकांमागे ७५ खाटांचे होते. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने हिवतापवाला, देवीवाला, कुटुंबनियोजनवाली असे वेगवेगळे कर्मचारी मोडून बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी घडवला. विचार चांगला होता. पण 'बहुउद्देशीय' या शब्दाला शेवट नसतो, हे आमच्या एएनएम ताईंना लवकरच कळले. आज उपकेंद्राची हद्द ५,००० लोकसंख्येची (डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० ची) आणि तिथल्या आरोग्यसेविकेची रजिस्टरे तिच्या टेबलावर मावत नाहीत.

खरी कलाटणी १२ एप्रिल २००५ ला मिळाली. त्या दिवशी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. पैसा आला, रुग्णवाहिका आल्या, प्रसूती दवाखान्यात होऊ लागल्या. हे नाकारणारा खोटे बोलेल. पण माणसे आली ती अकरा महिन्यांच्या ऑर्डरीवर. अकरा महिने, मग एक-दोन दिवसांचा खंड, मग नवी ऑर्डर, म्हणजे सलग नोकरीचा दावा उभा राहू नये. अभियानाला वर्ष होते न होते तोच १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा उमादेवी प्रकरणातला निकाल आला, की नियमित प्रक्रिया डावलून नेमलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही. एका हाताने कंत्राटी भरती, दुसऱ्या हाताने दार बंद. एक सिस्टर माझ्याकडे अशी होती, की तिने वीस ऑर्डरी जपून ठेवल्या होत्या, प्रत्येकीला प्लॅस्टिकचे कव्हर. लग्न, दोन बाळंतपणे, नवऱ्याचे आजारपण, सगळे त्या खंडांच्या दिवसांच्या अलीकडे-पलीकडे. पगार माझ्या निम्म्याहून कमी, नाइट सारख्याच. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जग्गो प्रकरणात उमादेवीचा असा सोयीस्कर वापर करणाऱ्या सरकारांचे कान उपटले. त्याआधी मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनेही दहा वर्षे पूर्ण केलेल्या अभियान कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचा निर्णय काढला होता. निर्णय निघणे आणि हातात आदेश पडणे यांत किती अंतर असते ते सरकारी नोकराला सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हेच कर्मचारी याच मागणीसाठी पुन्हा संपावर होते.

सरकारची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. अधिकारी म्हणतात, नियमित भरती वर्षानुवर्षे चालते, तोवर पेशंटने काय करायचे? प्रश्न रास्त आहे. २०२१ ची आरोग्य विभागाची भरती आठवा. सप्टेंबरात परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली. मुले एसटीने, रेल्वेने केंद्रांवर पोचलेली होती. ऑक्टोबरात झाली, तर पेपर फुटले, अटका झाल्या, सगळे रद्द. नवी जाहिरात निघाली ती ऑगस्ट २०२३ मध्ये, १०,९४९ पदांची. मधली दोन वर्षे रिकामी. पण भरती नीट जमत नाही म्हणून भरतीच ठेकेदाराकडे देऊन टाकायची, हा उपाय म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडणे. मे २०२२ मध्ये परिचारिका संपावर गेल्या त्या बाह्यस्रोताने भरती नको म्हणून. तरीही ६ सप्टेंबर २०२३ ला खाजगी एजन्सींमार्फत भरतीचा शासन निर्णय निघाला, राज्यभर गदारोळ झाला आणि २० ऑक्टोबरला तो मागे घ्यावा लागला. ठेकेदाराची सिस्टर चुकली तर तिच्यावर गुन्हा. ठेकेदारावर फार तर दंड, तोही पुढच्या बिलातून वळता.

या सगळ्यांहून वेगळी गोष्ट गावोगावच्या आशा सेविकांची. त्या तिन्ही रकान्यांत नाहीत. राज्यात त्या सत्तर हजारांच्या आसपास आहेत, आणि मंजूर नाहीत, भरलेल्या नाहीत, म्हणून रिक्तही नाहीत. गावातल्याच बाईला शिकवून आरोग्याचे काम सोपवण्याची कल्पना आपल्या मातीतली आहे. आरोळे दांपत्याने १९७० पासून जामखेडला ती रुजवली, बंग दांपत्याने गडचिरोलीत घरोघरच्या नवजात बालसेवेतून ती जगापुढे सिद्ध केली. केंद्र सरकारने १९७७ मध्ये जनस्वास्थ्य रक्षक नेमले तेव्हा त्यांना महिना ५० रुपये दिले होते. त्यांनी पगार मागायला सुरुवात केली तेव्हा त्यांना तुम्ही तर स्वयंसेवक आहात असे सांगण्यात आले. तोच शब्द पुसून-धुऊन २००५ मध्ये आशांच्या अंगावर घातला. केंद्राच्या नेहमीच्या कामांचा मोबदला २०१८ पर्यंत महिना १,००० रुपये होता, मग २,००० झाला. बाकी सारे कामागणिक. कोविडमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत त्या दारोदार फिरल्या. जून २०२१ मध्ये संप केला तेव्हा हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता पदरात पडला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा संप, मंत्र्यांचे आश्वासन, दिवाळी. शासन निर्णय निघेना म्हणून जानेवारीत परत संप, आझाद मैदान. आणि मार्च २०२४ मध्ये ५,००० रुपयांची वाढ मंजूर. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली होती, आणि त्या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार तिघेही बसलेले असतात. तिचे काय झाले हे आशाताईंच्या पासबुकात दिसते. आशांवरच्या भागातली निवेदने आम्ही शब्द न बदलता छापली आहेत. एकीने लिहिले आहे, "रात्री दोन वाजता बाळंतिणीला घेऊन गेले, दवाखान्यात मला बसायला स्टूल नव्हते." तिने पैशांबद्दल पुढच्या पानावर लिहिले आहे, आधी स्टुलाबद्दल.

आता 'सुधारणा' या शब्दाकडे वळते, कारण पुस्तकाच्या निम्म्या वाचकांना वाटेल की संघटना म्हणजे सुधारणेला विरोध. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सगळे उपचार मोफत झाले. आम्ही त्याचे स्वागत केले आणि आजही करतो. ओपीडीची रांग फाटकापर्यंत गेली, आणि जावीच. पण रांग वाढली तरी खिडकीत माणूस तोच, आणि औषधाच्या टेबलाशीही तोच. त्याच वर्षी उपकेंद्रांच्या पाट्या बदलून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झाल्या. पाटी रंगवणाऱ्याला काम मिळाले हे बरे झाले. मग आभा, गोल्डन कार्ड, दर योजनेचे निराळे ॲप. रजिस्टर बंद होत नाही आणि मोबाइल सुरू होतो, म्हणजे एकच लसीकरण तीन ठिकाणी नोंदवायचे. माहिती हवीच, आमचाही तोच आग्रह आहे. पण मोबाइलमध्ये डोके घालून बसलेल्या सेविकेच्या समोर बाई पदर सावरत अर्धा तास बसून राहते, आणि उठून जाताना विचारायचे ते विचारतच नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त खर्च आरोग्यावर करावा असे म्हटले होते. महाराष्ट्र त्या रेषेच्या बराच खाली आहे, आणि असतो त्या पैशात इमारत लवकर दिसते. फीत कापता येते. पदाला फीत नसते.

एवढे सांगून आमचे स्वतःचे उणे झाकले तर हे पुस्तक पत्रक होईल. कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी कंत्राटींना कितीतरी वर्षे आपले मानले नाही. त्यांची वर्गणी घेतली, त्यांना मतदानाचा हक्क दिला नाही. मी स्वतः त्या बैठकांत होते, हात वर केलेल्यांत होते. मुख्यालयी राहण्याच्या प्रश्नावर आम्ही नेहमी क्वार्टर पडके आहेत एवढेच म्हटले. क्वार्टर पडके असतात हे खरेच, पण जिथे चांगले होते तिथेही लोक तालुक्याहून ये-जा करत होते, हे आम्हाला ठाऊक होते. व्यवसायरोध भत्ता घेऊन संध्याकाळी स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांबद्दल आम्ही मूग गिळले, कारण तेही कोणत्या तरी संघटनेचे. बायोमेट्रिक हजेरीला विरोध करण्याचा ठराव झाला तेव्हा मी एकटीने नाही म्हटले आणि घरी जाऊन सणसणीत डोकेदुखी झाली. आजही म्हणते, की चौथा रकाना मागायचा तर आपली हजेरी लपवता येत नाही. या मुद्द्यावर आमच्या कार्यकारिणीत एकमत नाही आणि शेवटच्या प्रकरणात दोन्ही मते छापली आहेत.

संपाबद्दलही. मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायदा, लावला की आम्ही 'दडपशाही' म्हणतो, आणि ती असतेच. पण मार्च २०२३ च्या जुन्या पेन्शनच्या संपात शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या बायकांची तोंडे माझ्यासमोर होती. त्यातली एक मला ओळखत होती. ती म्हणाली, "सिस्टर, तुमची पेन्शन मिळाली का?" टोमणा होता की विचारपूस, मला अजून ठरवता आलेले नाही.

पुस्तक कसे जमले ते सांगून थांबते. दोन वर्षांपूर्वी आम्ही सभासदांना एक साधे काम दिले. महिनाभर रोज, पाळी बदलताना, आपल्या कक्षात, केंद्रात, उपकेंद्रात प्रत्यक्ष किती जण आहेत ते वहीत लिहायचे, आणि समोर पेशंट किती ते. बस. सफाई कामगार, कक्षसेवक, औषधनिर्माते, प्रयोगशाळेतले, सगळ्यांनी. काही ठिकाणी वरिष्ठांनी वह्या काढून घेतल्या. काहींनी भिऊन पाने फाडली. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्वतःच वही मागवून घेतली, आम्हाला वाटले गेली. तर त्यांनी स्वतःची ओळ भरली, "एमओ १, पैकी पोस्टमॉर्टेमला १, हजर ०," आणि खाली सही केली. त्या वह्यांचे तक्ते पहिल्या भागात आहेत. आकडे मी इथे देत नाही, ते सलग वाचावेत.

मुखपृष्ठावरचा तक्ता खरा आहे. एका कक्षाच्या भिंतीवरचा ड्युटी चार्ट, निळ्या पेनाने आखलेला, सकाळ, दुपार, रात्र, ऑफ. कोणाला त्रास होऊ नये म्हणून छापण्याआधी आम्ही नावांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. खालच्या पाच ओळींवर चिकटवाव्या लागल्या नाहीत.